संवादाचा उत्तरार्ध
(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

लेखक एकांतात लिहितो. ज्यांच्याविषयी तो लिहितो ती माणसे मात्र समाजात वावरत असतात. या दोघांमधील अंतर कमी करण्याच्या कामी नभोवाणीवरील मुलाखती व परिसंवाद यांचे स्थान मोठे आहे. पुस्तक वाचण्यास अक्षरओळख लागते. मुलाखत ऐकण्यास कान आणि आस्था पुरेशी होते.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुणे केंद्राची स्थापना २ ऑक्टोबर १९५३ रोजी झाली. प्रारंभीच्या काळात पुष्कळसे संवाद आधी लिहून काढले जात व ध्वनिक्षेपकापुढे वाचले जात. त्यांत विचार असे, परंतु बोलण्यातील ओघ हरवत असे. सहज नेता येतील अशी ध्वनिमुद्रण यंत्रे आल्यावर मुलाखतकाराला लेखकाच्या घरी आणि कार्यकर्त्याच्या वस्तीवर जाता येऊ लागले. लेखकाची बोली, त्याचे अडखळणे, एखाद्या प्रश्नानंतरची त्याची स्तब्धता हेही श्रोत्यापर्यंत पोहोचू लागले.

तथापि प्रक्षेपण संपले म्हणजे संवाद संपला काय? या प्रश्नाचे उत्तर १९५६ साली पुणे परिसरात मिळाले. युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांमध्ये श्रोतेमंडळे स्थापन करण्यात आली. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम प्रक्षेपित झाले. प्रत्येक कार्यक्रम ऐकल्यानंतर मंडळातील सभासद चर्चा करीत आणि आपली मते व शंका आकाशवाणीकडे पाठवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. जेथे ऐकण्याला चर्चेची जोड होती, तेथे ग्रामस्थांच्या ज्ञानात अधिक भर पडल्याचे तीत दिसून आले. कॅनडातील शेतकऱ्यांच्या नभोवाणी मंडळांपासून या कल्पनेची प्रेरणा मिळाली होती. १९५९ पासून देशाच्या इतर भागांतही तिचा विस्तार करण्यात आला.

शेती, आरोग्य व ग्रामव्यवस्था यांसाठी जे घडले, ते साहित्य व समाज यांसाठी का घडू नये? दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. अशा ग्रंथांतील अनुभवांविषयीचा संवाद केवळ रसग्रहणाचा विषय राहत नाही. गावाची विहीर, शाळेतील बसण्याची जागा आणि वेशीबाहेरची वस्ती यांविषयी तो ऐकणाऱ्यालाच प्रश्न विचारतो. त्याचे उत्तर स्टुडिओत मिळणार नाही. ते गावातच द्यावे लागेल.

माणदेशाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘माणदेशी माणसं’ या १९४९ मधील पुस्तकाने त्या दुष्काळी मुलखातील साध्या माणसांना मराठी साहित्यात आणले. माडगूळकरांनी पुढे पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात अनेक वर्षे काम केले. केंद्र शासनाच्या २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालविण्याची मुभा दिली आणि २००८ मध्ये सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. ज्या मुलखाविषयी इतरांनी ऐकले होते, तो मुलूख आता स्वतः बोलू लागला. संवादाचा हाच उत्तरार्ध होय.

प्रत्येक गावाला रेडिओ केंद्र लाभेल असे नाही; परंतु श्रोतेमंडळ कोठेही स्थापन करता येईल. शिक्षकांनी मुलाखतीपूर्वी लेखकाच्या पुस्तकातील काही पाने वाचून दाखवावीत. ग्रामपंचायतीने सर्वांना संकोच न वाटता येता येईल अशी जागा द्यावी. ऐकून झाल्यावर ज्यांना सहसा कोणी विचारीत नाही, त्यांना प्रथम बोलू द्यावे. निघालेले प्रश्न नोंदवून केंद्राकडे पाठवावेत.

याबरोबरच गावातील वृद्धांच्या ओव्या, कथा व आठवणी त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित कराव्यात. नाव, गाव व दिनांक यांची नोंद ठेवावी. एके काळी ध्वनिफिती पुसून पुन्हा वापरल्या जात आणि त्यामुळे अनेक मोलाचे आवाज नाहीसे झाले. आज साध्या मोबाइल फोनवरही ध्वनिमुद्रण होऊ शकते. आता साधनांचा अभाव हे कारण उरलेले नाही. जात्यावरची ओवी म्हणणारी आजी गेल्यानंतर तिची आठवण काढण्यापेक्षा, ती असतानाच तिच्याजवळ घटकाभर बसणे अधिक उचित ठरेल.