बोरू, कित्ता आणि आपले अक्षर

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला 'सुंदर हस्ताक्षर' ह्या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. परंतु हस्ताक्षर आणि अक्षरलेखन ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मी बोलणार आहे तो दुसरीविषयी. पत्र लिहिताना किंवा हिशेब मांडताना हात आपोआप धावतो, ते हस्ताक्षर. तेथे मन मजकुरात गुंतलेले असते. अक्षरलेखनात मन अक्षरातच असावे लागते. एकेक अक्षर मापाने, सावकाश, घडवून काढावयाचे असते. सेवानिवृत्तीनंतर मी स्वतः ह्या विद्येचा विद्यार्थी झालो आहे. तेव्हा हे भाषण एका नवशिक्याने दुसऱ्या नवशिक्यांसाठी केलेले आहे, असे समजावे.

पहिली अडचण हाताची नसून समजुतीची आहे. "अक्षर ही देवाची देणगी; आमच्या मुलाला ती नाही," असे पालक सांगतात आणि मुलाच्या देखत सांगतात. मी पुष्कळ वर्षे वर्गात खडू धरला आहे. ज्या मुलाचे अक्षर पाहून वही मिटावीशी वाटे, त्याच्या हाती खडूचा तुकडा आडवा देऊन फळ्यावर रुंद रेघा ओढावयास लावल्या, की आठ-पंधरा दिवसांत त्या रेघांना शिस्त येई. देणगी असलीच तर ती सवयीची आहे. बाकी सारा मापाचा आणि कोनाचा व्यवहार आहे.

आपल्याकडे हे फार पूर्वी ओळखले गेले होते. समर्थ रामदासस्वामींनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिलाच समास लेखनक्रियेच्या निरूपणाला दिला आहे. भक्ती आणि विवेक सांगणाऱ्या ग्रंथात बोरू कसा निवडावा, तो कसा तोडावा, पान कसे आखावे, हे येते ह्याचे मला नेहमी नवल वाटते. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, शाई काळीभोर असावी, वरच्या ओळीची वेलांटी खालच्या ओळीला लागू नये, आणि ग्रंथाचे पहिले व शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, असे समर्थ सांगतात. पानाच्या चोहोंकडे कोरी जागा सोडावी म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर जात नाही, हा त्यांचा सल्ला तर निव्वळ व्यवहाराचा आहे. आणि आमच्या वयाच्या मंडळींसाठी त्यांनी एक गोष्ट मुद्दाम सांगून ठेविली आहे. तरुणपणी हौसेने फार बारीक लिहिलेले म्हातारपणी वाचता येत नाही, म्हणून मध्यम आकाराचे अक्षर काढावे. मध्यम आकार नवशिक्यालाही सोयीचाच, कारण त्यात दोष चटकन दिसतो.

आता साधनांकडे वळू. बाजारात महागडे संच मिळतात. त्यांची आरंभी काहीएक गरज नाही. बरूची किंवा बारीक बांबूची वीतभर काडी घ्यावी. एक टोक चाकूने चपटे करून त्याचे तोंड सपाट आणि किंचित तिरपे कापावे, व शाई उतरावी म्हणून मधोमध बारीक चीर द्यावी. तोंडाची रुंदी चार-पाच मिलिमीटर पुरे. तेही जमत नसेल तर आइसक्रीमची चपटी काडी तिरपी कापून शाईत बुडवावी. कागद म्हणजे जुने वर्तमानपत्र. ते आडवे धरले की रकान्यांच्या सरळ कडा आयत्या आखणीसारख्या उपयोगी पडतात.

ह्या रुंद तोंडातच सगळे रहस्य आहे. बोरूचे तोंड ओळीशी पंचेचाळीस अंशांच्या कोनात धरून उभी रेघ ओढा आणि मग आडवी ओढा. दोन्ही सारख्याच जाडीच्या उमटतात. आता दोन तिरप्या रेघा ओढा, एक उजवीकडे झुकणारी आणि एक डावीकडे झुकणारी. त्यांतील एक केसासारखी बारीक येते आणि दुसरी सर्वांत जाड. अक्षरातील जाड-बारीकपणा आपण काढावयाचा नसतो. तो लेखणी आपण होऊन देते. आपण एवढेच करावयाचे, की कोन ढळू द्यावयाचा नाही. नवशिक्याचा बोरू गोलाई घेताना बोटांत फिरतो आणि तेथेच अक्षर बिघडते. म्हणून पहिले आठ दिवस एकही अक्षर काढू नये. उभ्या, आडव्या, तिरप्या रेघा आणि अर्धवर्तुळे एवढेच गिरवावे. हे कंटाळवाणे आहे, हे मी नाकारीत नाही. मुलांपेक्षा मोठ्यांनाच ते अधिक जड जाते, कारण त्यांना पहिल्याच दिवशी आपले नाव सुंदर लिहावयाचे असते.

अक्षराची उंचीही बोरूच्या तोंडानेच मोजावी. तोंड आडवे टेकवून एकावर एक पाच ठसे उठवावेत. तेवढी उंची आरंभी धरावी. लेखणीच्या रुंदीने अक्षर मोजण्याची ही रीत विलायतेत एडवर्ड जॉन्स्टन नावाच्या शिक्षकाने रूढ केली. जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास करून त्याने रुंद टाकाची विसरलेली विद्या पुन्हा शिकविली, आणि १९०६ साली त्यावर पुस्तक लिहिले. पुढे १९१६ साली ह्याच जॉन्स्टनची अक्षरे लंडनच्या भुयारी रेल्वेने आपल्या पाट्यांसाठी स्वीकारली.

रेल्वेच्या पाट्यांवरून मला आपला अभ्यासक्रम सुचला. आपल्याकडे १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आगगाडी आली. आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य तिच्यात उभ्याने गेले आहे. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण ही आठ नावे हाच आपला कित्ता. प्रथम 'व' गिरवावा. एक पोट आणि एक दंड, एवढाच तो आहे. पोटात तिरपी रेघ दिली की 'ब' झाला. दंडाच्या उजवीकडे वळण काढले की 'क' झाला. हे तिघे एका घराण्यातील. आठ स्थानके मोजून पाहा. एक ठाणे सोडले तर उरलेल्या सातही नावांत ह्या घराण्यातला कोणी ना कोणी भेटतोच. एका 'व'चे पोट साधले की कळव्यापासून कल्याणपर्यंत सोबत होते.

मग एकेक नाव आपापली अडचण पुढे करते. 'ठाणे' ह्या नावात 'ठ'चे पूर्ण वर्तुळ आहे आणि त्यापुढे काना व 'ण' ह्यांच्या उभ्या रेघा एकापाठोपाठ येतात. दोन उभ्या रेघा शेजारी आल्या की त्यांत थोडे अधिक अंतर लागते, गोलाईशेजारी थोडे कमी. पट्टीने सारखे अंतर मोजले तर ते डोळ्याला विषम दिसते. येथे डोळ्याचे ऐकावे, पट्टीचे नव्हे. 'मुंब्रा' लिहिताना वर अनुस्वार, खाली उकार आणि पुढे जोडाक्षर सांभाळावे लागते. 'ठाकुर्ली'त रफार आणि दीर्घ वेलांटी शिरोरेघेच्या वर एकाच जागेसाठी भांडतात. 'डोंबिवली' तर परीक्षाच आहे: ओकार, अनुस्वार, पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी, सर्व एका शब्दात. ज्याला 'डोंबिवली' मापात लिहिता आली, त्याने पहिली इयत्ता ओलांडली असे मी समजतो.

'कल्याण' लिहिताना 'ल'कडे लक्ष द्यावे. आपल्या मराठी वळणाचा 'ल' पाकळ्यांचा असतो, हिंदी वळणाचा दंडाचा. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमालेविषयी जो निर्णय काढला, त्यात 'ल' आणि 'श' ह्यांच्या मराठी वळणांची दखल घेतली आहे. तरीही पुष्कळ पाट्यांवर यंत्रात जो 'ल' मिळाला तोच बसविलेला दिसतो. शिरोरेघही अशीच दुर्लक्षिली जाते. 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' ह्यांतला मुख्य भेद शिरोरेघ कोठे तुटते ह्यावर आहे. घाईने सलग रेघ ओढली की धन्याचा घन्या होतो.

कल्याणाहून कर्जतच्या बाजूला थोडे पुढे गेले की अंबरनाथ. तेथील शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहारांच्या काळातील नागरी लिपीचा लेख आहे. जवळजवळ हजार वर्षांपूर्वी ह्याच मुलखात कोणीतरी दगडावर अक्षरे आखून दिली. आपण सहलीला जातो, देवाला हात जोडतो, आणि त्या लेखाची चौकशीही न करता परततो.

एवढे दूर कशाला, आपल्या घरांतल्या जुन्या ट्रंका उघडून पाहा. काहींच्या घरी मोडीतले कागद निघतील. मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेई आणि लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षरे तिच्याखाली उतरवी. बाळबोधात अक्षर आधी, रेघ मागाहून. श्री. अच्युत पालव ह्यांनी मोडीचा अभ्यास करून तिचा ओघ आजच्या अक्षरलेखनात आणला, आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्या कागदांकडे पाहताना मला दुसरीच गोष्ट दिसते. मजकूर कोणा कारकुनाच्या हातचा, आणि तळाशी 'निशाणी अंगठा' आपल्या पणजोबांचा. लिहिणे ही एके काळी मोजक्या घरांची मिरास होती. आपल्या समाजाच्या हाती लेखणी येऊन फार पिढ्या झालेल्या नाहीत, आणि इतक्यातच आपण ती खाली ठेवू लागलो आहोत.

ठाणे-कल्याणच्या बाजारपेठांत पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगविणारे पेंटर असत. खडूचा दोरा झटकून ते ओळ आखीत आणि चपट्या ब्रशाने एका दमात अक्षर उतरवीत. फ्लेक्स आले आणि तो धंदा बसला. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन दुकानांवर मराठी पाटी सर्वांना बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षर इतर लिपींहून लहान नसावे असेही ठरले. उत्तम झाले. परंतु कायदा आकार पाहतो, वळण पाहणे त्याचे काम नव्हे. यंत्राला दोष देण्यातही अर्थ नाही. संगणकावर आपण पाहतो ते 'मंगल' नावाचे वळण प्रा. र. कृ. जोशी ह्यांनी घडविले, आणि २००८ साली निधन पावलेले हे गृहस्थ मुळात हाताने अक्षर काढणारे व शिकविणारे होते. २०२० साली गेलेले कमल शेडगे ह्यांनी मराठी नाटकांची नावे अशी लिहिली, की नाव पाहूनच नाटकाची जात कळावी. यंत्रात जे उत्तम आहे ते अशा हातांनीच तेथे पोहोचविले. हात थांबले तर यंत्राला नवे कोण देणार?

आता संस्थेपुढे माझी सूचना मांडतो. दर वर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांना प्रशस्तिपत्रे देतो. ती छापून येतात, आणि नावेही यंत्रानेच उठविलेली असतात. पुढील वर्षी पत्र छापील राहू द्यावे, परंतु प्रत्येक मुलाचे आणि मुलीचे नाव आपल्याच समाजातील कोणीतरी बोरूने लिहावे. ह्यास खर्च नाही. दहा-बारा जणांची तयारी आणि सहा महिन्यांचा सराव हवा. शासकीय रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांना ह्या सरावाचा फायदा होईल तो निराळाच. भगिनींनी अवश्य यावे. रांगोळीची सम रेघ ज्यांच्या बोटांत आहे, त्यांना 'व'चे पोट शिकविण्याची गरज पडणार नाही, असा माझा अंदाज आहे. डोंबिवलीत १९९९ पासून पाडव्याला जी नववर्ष स्वागतयात्रा निघते, तिच्यासाठी आपला एखादा फलकही हाताने लिहून नेता येईल. पण ते नंतर. आधी नावे.

अध्यक्षमहाराजांनी अनुमती दिली तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता ह्याच सभागृहात वर्ग सुरू करू. वयाची अट नाही. बोरू मी कापून आणीन. प्रत्येकाने शाईची दौत, एक फडके आणि आठवड्याची वर्तमानपत्रे एवढे सोबत आणावे, आणि चांगले कपडे घालून येऊ नये.