भिंतीचें दुखणें आणि कारागिराची पारख

पावसाळा सरून नवरात्र जवळ आलें, म्हणजे शहरांतील घराघरांत भिंतींकडे लक्ष जाऊं लागतें. कोठें रंगाचे पोपडे सुटलेले असतात, कोठें लोणा लागून पांढरी भुकटी जमिनीवर सांडत असते, तर कोठें खिडकीच्या कोपऱ्यापासून एक भेग तिरपी वर चढलेली असते. दिवाळीपूर्वीं घर उजळून निघावें, या इच्छेनें गृहस्थ घाईघाईनें कारागीर बोलावतो. दोन दिवसांत भिंत गुळगुळीत होते, आणि पुढल्या आषाढांत तोच डाग त्याच जागीं पुन्हा उमटतो. पैसा गेला, घरभर धूळ झाली, आणि डाग मात्र कायम! या फसगतीचें मूळ पुष्कळदां कारागिराच्या हातांत नसून त्याला निवडण्याच्या रीतींत असतें.

नाडी न पाहतां पुडी बांधून देणाऱ्या वैद्याकडे शहाणा मनुष्य जात नाहीं. परंतु ओल कोठून येते हें न विचारतां चौरस फुटाचा भाव सांगणाऱ्याला भिंतीचें काम सहज मिळतें. चांगला गवंडी भिंतीपुढें उभा राहिला, कीं प्रथम विचारतो: पलीकडे काय आहे? न्हाणीघर, गच्ची, कीं उघडें आकाश? मग तो बोटाच्या पेरानें गिलावा वाजवून पाहतो. पोकळ आवाज आला, तर गिलाव्यानें विटेची पकड सोडली, असें समजावें. तेवढा भाग विटेपर्यंत काढल्यावांचून गत्यंतर नाहीं. ओलीचा उगम कळत नसेल, तर भिंतीवर प्लॅस्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनीं चिकटवून दोन दिवस ठेवावा. आंतल्या अंगास पाणी सुटलें, तर ओल भिंतींतून येते. बाहेरच्या अंगास दंव जमलें, तर ती खोलींतील हवेची आहे. या साध्या परीक्षेला खर्च कांहींच नाहीं.

भेगाहि सगळ्या एका जातीच्या नसतात. गिलावा भराभर वाळला, म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा पडतात. त्या बहुधा निरुपद्रवी असून लांबी भरून झांकतां येतात. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत जेथें भेटतात, तेथें सरळ भेग पडते. कारण उन्हानें व थंडीनें दोहोंचें प्रसरण-आकुंचन सारखें होत नाहीं. तेथें नुसती लांबी टिकत नाहीं. सांध्यावर जाळी ठोकून मगच नवा गिलावा करावा लागतो. पण विटांच्या सांध्यांतून पायरीपायरीनें चढणारी, दिवसेंदिवस रुंदावणारी भेग दिसली, तर इमारतीच्या अभियंत्यालाच बोलवावें. भेगेच्या टोकाशीं पेन्सिलीनें खूण करून तारीख लिहून ठेवावी, म्हणजे ती पुढें सरकते कीं नाहीं, हें कळतें. ‘हें माझें काम नव्हे’ असें जो कारागीर आपण होऊन सांगतो, त्याचा पत्ता जपून ठेवावा.

आतां सदनिकांतून आणि कचेऱ्यांतून विटांच्या जोडीला जिप्समच्या फळ्यांचे आडोसे व छतें आलीं आहेत. जिप्समचा गाभा दोन कागदांमध्यें घालून ही फळी करतात. तिचा उगम अमेरिकेंतला; ऑगस्टीन सॅकेट यानें अशा फळीचें पेटंट १८९४ सालीं मिळविलें. जिप्सममध्यें वजनाच्या सुमारें एकपंचमांश पाणी रासायनिक रीतीनें बांधलेलें असतें. आग लागली असतां तें वाफ होऊन जाईपर्यंत उष्णता पलीकडे लवकर पोहोंचत नाहीं, हा तिचा मोठा गुण. परंतु बाहेरच्या पाण्यापुढें ती दुबळी आहे. सतत ओल लागली, कीं कागदावर बुरशी येते आणि फळी मऊ पडते. जाणता कारागीर आधीं पत्र्याचा सांगाडा ओळंब्यांत उभारतो, कागद न फाडतां स्क्रू बसवितो, आणि दोन फळ्यांच्या सांध्यावर पट्टी लावून मसाल्याचा एक थर वाळल्यावरच दुसरा देतो. पट्टी वगळली, तर सांध्याची रेघ रंगावर उमटण्यास फार दिवस लागत नाहींत.

या सोयीच्या फळीमागें एक धोकाहि दडलेला असतो. वरचा स्लॅब गळत असेल, तर त्यांतील गज गंजून फुगतात आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटूं लागतात. अशा स्लॅबखालीं सुंदर छत लावून घेणें, म्हणजे गळू न फोडतां वर पट्टी बांधणें होय. डोळ्यांआड गेलेला तो पापुद्रा एखाद्या रात्रीं निजलेल्या माणसांच्या अंगावर छतासकट येऊं शकतो. म्हणून ‘आधीं गळती थांबवा, मग छत लावूं’ असें म्हणून हातचें काम पुढें ढकलणारा मनुष्य त्या घराचा हितचिंतकच मानला पाहिजे.

जवळपासचा कारागीर निवडण्याचा खरा लाभ गाडीभाड्याच्या बचतींत नाहीं. मुंबईंत आणि कोंकणपट्टींत पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, हें त्याला ठाऊक असतें. जुन्या वाड्यांतून हात फिरलेल्या गवंड्याला चुन्याच्या भिंतीवर कडक सिमेंट थापलें असतां ओल आंतच कोंडते, हें अनुभवानें माहीत असतें. शिवाय त्याचीं पूर्वींचीं कामें पाहतां येतात. पाहावें तें दोन पावसाळे सोसलेलें काम. नवें काम सर्वांचेंच चांगलें दिसतें.

काम ठरल्यावर चार ओळींचा कागद करावा. किती क्षेत्र, गिलावा विटेपर्यंत काढावयाचा कीं वरवरचा, माल कोणाचा, परांची कोणाची, राडारोडा कोण उचलणार, सिमेंटच्या गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी कोण मारणार, हें त्यांत असावें. थोडी रक्कम पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखण्याचें उभयतांच्या संमतीनें ठरवावें; बाकीची मजुरी मात्र ठरल्या दिवशीं चुकती करावी. खर्च कोणाचा, हेंहि आधीं पाहावें. महाराष्ट्रांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें पावसाची व सामाईक नळांची गळती थांबविणें हें संस्थेकडे असतें. सदस्याच्या न्हाणीघरांतील वा मोरींतील आंतल्या गळतीचा भार सदस्यावर पडतो.

‘घर पाहावें बांधून’ असें जुने लोक म्हणत आले. शहरांत घर बांधण्याचा योग थोड्यांच्या वांट्याला येतो, दुरुस्तीचा मात्र सर्वांच्याच. तो आला म्हणजे दारांत उभ्या असलेल्या कारागिराला भाव विचारण्यापूर्वीं भिंत दाखवावी, आणि तो काय विचारतो तें ऐकावें. पुष्कळशी पारख तेथेंच होऊन जाते.