मोबाइलवरील वर्गणी : घेताना आणि थांबविताना घ्यावयाची काळजी

(मुरगूड, ता. कागल येथील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मेळाव्यात बोलायचे म्हटले की ऊस, दूध, खत आणि पाणी हे विषय ठरलेले असतात. आज मी थोडा वेगळा विषय घेतला आहे. आपल्या खिशातल्या मोबाइलवरून, आपल्या नकळत, दरमहा थोडे थोडे पैसे कसे जातात आणि ते कसे थांबवावेत, हा तो विषय. हा शेतीचा विषय नव्हे असे कोणी म्हणेल. पण खात्यातून जाणारा पैसा उसाच्या बिलाचा आणि दुधाच्या पगाराचाच असतो. म्हणून तो शेतीचाच विषय आहे.

पूर्वी आपण एखाद्या मासिकाची वर्गणी भरत होतो. वर्षाची मुदत संपली की कार्यालयातून पत्र येई. आपण मनीऑर्डर केली तर अंक चालू राही, नाही केली तर बंद होई. म्हणजे आपण गप्प राहिलो की व्यवहार आपोआप थांबत असे. मोबाइलवरील वर्गणीत नेमके उलटे आहे. आपण गप्प राहिलो की व्यवहार चालूच राहतो. थांबवायचा असेल तर आपणच उठून सांगावे लागते. एवढा एक फरक ध्यानात ठेवला तरी माझे निम्मे भाषण झाले.

घरातलेच एक उदाहरण

माझे थोरले बंधू शेती करतात. त्यांनी मोबाइलवर पीकसल्ला आणि बाजारभाव देणारे एक ॲप घेतले. पहिले सात दिवस फक्त एक रुपया, अशी जाहिरात होती. एक रुपया भरताना त्यांनी यूपीआयचा पिन दाबला. त्या एका पिनने दोन कामे झाली. एक रुपया गेला आणि पुढे दरमहा २९९ रुपये कापून घेण्याची कायमची परवानगीही दिली गेली. यालाच ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ म्हणतात. ती ओळ पडद्यावर होती, पण बारीक अक्षरात आणि इंग्रजीत.

सल्ला काही उपयोगाचा वाटेना म्हणून दुसऱ्या महिन्यात पुतण्याने ॲप मोबाइलमधून काढून टाकले. सर्वांना वाटले, विषय संपला. पाचव्या महिन्यात बँकेत पासबुक भरून घेतले तेव्हा १,४९५ रुपये गेल्याचे दिसले. मी विचारले, “दादा, पैसे कापल्याचा मेसेज येत नव्हता का?” ते म्हणाले, “येत असंल की. दिवसाला पन्नास मेसेज येत्यात, त्यातलं कुठलं वाचू? आणि एक रुपयाचं काय ते विचारायचं, असं वाटलं.”

१,४९५ रुपयांत ४५ किलोची युरियाची पाच पोती आली असती. पण पैशापेक्षा मला दुसरी गोष्ट लागली. उसाच्या काट्यावर किलोचा फरक खपवून न घेणारा हा माणूस इथे मात्र फसल्याच्या संकोचाने गप्प बसला होता. हा संकोचच अशा कंपन्यांचे भांडवल असते. तेव्हा फसलो तर लाजू नये, बोलावे.

या युक्त्या आपल्या ओळखीच्याच आहेत

युरियाचे पोते मागितले की दुकानदार नको असलेली दुसरी बाटली गळ्यात मारतो. याला आपण लिंकिंग म्हणतो. असे करू नये म्हणून शासनाने वारंवार बजावले आहे. मोबाइलवर खरेदी करताना यादीत न मागितलेली वस्तू, विमा किंवा देणगी हळूच मिळविली जाते, ते हेच लिंकिंग. ‘शेवटची दहा मिनिटे उरली’ असे घड्याळ दाखवून घाई करणे, आधी कमी दर दाखवून शेवटच्या पानावर जादा आकार लावणे, ‘होय’चे बटण मोठे आणि ‘नको’चे बटण पुसट ठेवणे, ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजविणारे वाक्य लिहिणे, या सर्व त्याच जातीच्या युक्त्या होत.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढून अशा १३ युक्त्यांना मनाई केली. त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. त्यांत ‘वर्गणीचा सापळा’ हा प्रकार स्पष्ट नोंदविला आहे. वर्गणी बंद करण्याची वाट लपविणे, ती लांबलचक किंवा अवघड करणे, फुकट सेवेसाठीही आधी खात्याचा किंवा कार्डाचा तपशील मागणे, हे सर्व त्यात येते.

हा रोग केवळ लहान किंवा अनोळखी कंपन्यांचा नाही. अमेरिकेत तेथील व्यापार आयोगाने जून २०२३ मध्ये ॲमेझॉन कंपनीवर ‘प्राइम’ वर्गणीबाबत दावा केला. वर्गणी बंद करण्यासाठी चार पाने, सहा वेळा बटण दाबणे आणि पंधरा पर्याय ओलांडणे भाग पडे, असे आयोगाचे म्हणणे होते. कंपनीत या वाटेला ‘इलियड’ या नावाने ओळखत. इलियड म्हणजे ग्रीकांचे लांबलचक युद्धकाव्य. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता २५० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्यांपैकी १५० कोटी डॉलर ग्राहकांना परत द्यावयाचे ठरले. आत जाण्याचा दरवाजा रुंद आणि बाहेर पडण्याचा अरुंद, ही मांडणी चुकून होत नसते, हे यावरून कळावे.

आपले हक्क

रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले आहेत. दरमहा आपोआप पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे. दिलेली परवानगी ग्राहकाला केव्हाही काढून घेता आली पाहिजे. मात्र एकदा परवानगी दिली की १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढील कपातीसाठी पुन्हा ओटीपी किंवा पिन लागत नाही. म्हणून पहिल्या वेळचा पिन विचारपूर्वक दाबावा.

ई-व्यापाराच्या २०२० च्या नियमांनुसार आधीच टिकमार्क केलेली चौकट ही ग्राहकाची संमती धरता येत नाही. तसेच तक्रार मिळाल्यापासून ४८ तासांत पोच देणे व एक महिन्यात निवारण करणे विक्री मंचावर बंधनकारक आहे.

काही बंधू विचारतील, “आम्ही शेतीच्या धंद्यासाठी सेवा घेतली, मग आम्ही ग्राहक कसे?” ज्याने स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः राबून उपयोग करण्याकरिता वस्तू वा सेवा घेतली तो कायद्याने ग्राहकच ठरतो. बियाण्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे, असा निर्णय दिलेला आहे.

आज घरी गेल्यावर काय करावे?

१. आपण ज्या ॲपमधून पैसे देतो ते उघडून त्यातील ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ हे पान पाहावे. तेथे कोणाकोणाला परवानगी दिली आहे याची यादी दिसते. नको असलेली परवानगी रद्द करावी. दोन मिनिटांचे काम आहे.

२. ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी बंद झाली असे समजू नये. झाड वरून तोडले तरी मूळ राहते. मँडेट रद्द करणे म्हणजे मूळ काढणे.

३. ‘एक रुपयात’, ‘पहिला महिना फुकट’ असे दिसल्यास पुढील महिन्याचा आकार किती, तो कोणत्या तारखेपासून आणि बंद कसे करावयाचे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. उत्तर सापडले नाही तर पिन दाबू नये.

४. दुधाच्या पगाराचे किंवा पीएम किसानचे हप्ते जमा होणाऱ्या मुख्य खात्याला असे मँडेट जोडू नये. त्यासाठी थोडी रक्कम असलेले वेगळे खाते वापरावे.

५. दर महिन्याला पासबुक भरून घ्यावे. न कळणारी नोंद दिसल्यास बँकेत विचारावे. वाचता येणाऱ्या मुला-मुलींनी घरातील वडीलधाऱ्यांचे मेसेज आठवड्यातून एकदा पाहावेत.

६. पीकसल्ल्यासाठी पैसे भरण्यापूर्वी फुकट सोयी वापराव्यात. किसान कॉल सेंटरचा क्रमांक १८००-१८०-१५५१ असा आहे. कृषी विज्ञान केंद्रातही विचारता येते.

पैसे गेलेच तर

प्रथम मँडेट रद्द करावे. नंतर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक टिपून ठेवावा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर कळवावे. कोणी ओटीपी काढून घेऊन किंवा खोटे बोलून पैसे लुबाडले असतील तर तो गुन्हा आहे. त्यासाठी १९३० या क्रमांकावर ताबडतोब, शक्यतो पहिल्या तासात फोन करावा.

एवढ्यानेही भागले नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. कंपनी बंगळूरची असो की दिल्लीची, २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी. पासबुकाची नोंद, आलेले मेसेज आणि मोबाइलच्या पडद्याचे फोटो जपून ठेवावेत.

माझ्या बंधूंनी तक्रार केली. शेवटच्या दोन महिन्यांचे ५९८ रुपये परत आले, बाकीचे आले नाहीत. तरीही त्यांनी गावातील चौघांचे मोबाइल मागून घेतले आणि ऑटोपेचे पान उघडून दाखविले. चौघांपैकी दोघांची कपात चालू होती.

बंधूंनो, मोबाइल टाकून द्या असे मी सांगत नाही. भाव कळतो, हवामान कळते, पैसे घरबसल्या मिळतात. ते घ्यावेच. परंतु उसाच्या काट्यावर आपण जशी नजर ठेवतो तशीच या काट्यावरही ठेवावी. आज रात्री जेवण झाल्यावर आपला मोबाइल उघडा, ते एक पान पाहा आणि शेजाऱ्यालाही दाखवा.