सायकलीचा लांब पल्ला



सायकल शिकणें आणि सायकलीवरून दूर जाणें या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली विद्या माणूस बालपणीं, आठ-पंधरा दिवसांत, गुडघे फोडून घेऊन शिकतो आणि जन्मभर विसरत नाहीं. दुसरी मात्र बहुतेकांस कोणी शिकवीत नाहीं. ती आपोआप येते असा सर्वांचा समज असतो, आणि या समजापायीं पुष्कळ चांगल्या सायकली पडवींत धूळ खात उभ्या राहतात. त्या दुसऱ्या विद्येविषयीं आज चार शब्द सांगावे, असा विचार आहे.

आमच्या निलंगा भागांत सायकल कांहीं नवी नाहीं. दूधवाला, टपालवाला, गिरणीवर दळण नेणारा गडी, शाळेचा विद्यार्थी, या सर्वांची ती वर्षानुवर्षें सोबतीण होती. पुढें मोटारसायकली आल्या आणि सायकल मुलांपुरती उरली. आतां ती पुन्हां मोठ्या माणसांकडे येत आहे. परंतु या वेळीं तिचा रस्ता दवाखान्यावरून येतो. रक्तांत साखर निघते, रक्तदाब वाढलेला दिसतो, डॉक्टर म्हणतात, "शरीर हालवा." गृहस्थ लातुरास जाऊन गिअरची सायकल घेऊन येतात आणि पहिल्याच रविवारीं पहांटे उठून थेट औसा गांठतात. निलंग्याहून औशास जाऊन परत येणें म्हणजे साठांहून अधिक किलोमीटर. जातांना वारा गोड लागतो; येतांना ऊन चढतें, मांड्या भरून येतात. सोमवारीं जिना चढवत नाहीं, मंगळवारीं गुडघा सुजतो, आणि दुसऱ्या रविवारीं सायकल बाहेर निघत नाहीं. "आतां आपलें वय राहिलें नाहीं," असें म्हणून गृहस्थ मोकळे होतात. वास्तविक यांत दोष वयाचा नसून क्रमाचा असतो. नुकसान मात्र सायकलीच्या किंमतीएवढेंच होत नाहीं. जें औषध जन्मभर पुरलें असतें, तें एका सकाळींच संपून जातें.

असें कां होतें, तें पाहूं. आपलें शरीर म्हणजे एक एकत्र कुटुंब आहे, आणि त्यांतील सर्व माणसें सारख्या चालीनें चालत नाहींत. हृदय व फुप्फुसें हे या घरांतले तरणे लोक. नियमित श्रम मिळाले कीं दोन-चार आठवड्यांत दम वाढतो. मांडी-पोटरीचे स्नायु त्याहून थोडे मागें, पण तेहि एक-दोन महिन्यांत साथ देऊं लागतात. स्नायूंस हाडांशीं बांधणाऱ्या ज्या बळकट दोऱ्या आहेत, ज्यांस वैद्यकांत कंडरा म्हणतात, त्या मात्र घरांतल्या वडीलधाऱ्यांसारख्या. त्यांस रक्ताचा पुरवठा कमी, म्हणून त्यांची सुधारणाहि संथ. तिला कित्येक महिने लागतात. नवशिक्यास खरा धोका पहिल्या दिवशीं नसतो, तो पांचव्या-सहाव्या आठवड्यांत असतो. तोंपर्यंत दम वाढलेला असतो, मन म्हणतें "चल आणखी दहा किलोमीटर," आणि गुडघ्याची तयारी झालेली नसते. लांब पल्ल्याची सारी विद्या या एका वाक्यांत आहे : दम लवकर वाढतो, सांधा सावकाश वाढतो, आणि चालावें तें सावकाश वाढणाऱ्याच्या चालीनें.

आतां क्रम सांगतों. ज्यानें पुष्कळ वर्षांत सायकल चालविली नाहीं, त्यानें आरंभीं आठवड्यांतून तीन दिवस, दर खेपेस सहा किलोमीटर जावें. दोन आठवडे एवढेंच. हें अंतर हास्यास्पद वाटेल, वाटूं द्यावें. तिसऱ्या आठवड्यापासून दोन दिवस तेच सहा-सहा ठेवून केवळ रविवारचा फेरा दोन किलोमीटरनें वाढवावा : आठ, दहा, बारा. तीन वेळां वाढ झाली कीं पुढच्या आठवड्यांत उलट आठांवर यावें. मग चौदा, सोळा, अठरा, आणि पुन्हां एक आठवडा बारांवर विसांवा. नंतर वीस, बावीस, चोवीस, पुन्हां विसांवा, आणि मग सव्वीस, अठ्ठावीस, तीस. मोजून पाहिलें तर हे सतरा आठवडे भरतात. दिवाळीच्या पाडव्यास आरंभ करणारा मनुष्य महाशिवरात्रीच्या सुमारास, नीळकंठेश्वराच्या दर्शनाचे दिवस येतात तेव्हां, तीस किलोमीटरचा धनी झालेला असतो. आणि थंडीचे सारे उत्तम दिवस त्याच्या कामीं आलेले असतात. कडक उन्हाळ्यांत वाढ थांबवून पहांटे थोडा फेरा राखला, आणि पावसाळ्यांत पुन्हां याच पायऱ्यांनीं वर गेला, तर पुढच्या दिवाळीपूर्वीं तो औशास जाऊन येईल. आणि सोमवारीं जिनाहि चढेल.

आठवड्याच्या एकूण अंतरांत सुमारें दहाव्या हिश्श्याहून फार अधिक भर घालूं नये, हा सायकलवाल्यांच्या अनुभवाचा नियम आहे. मधल्या विसांव्याच्या आठवड्यास कोणी आळस समजूं नये. श्रमानें शरीर झिजतें आणि विश्रांतींत तें पूर्वीपेक्षां बळकट होऊन भरून येतें. शेतास पाळी दिल्यावर वाफसा येईपर्यंत आपण थांबतोंच कीं नाहीं? आरंभींचे फेरे गांवाभोंवतींच घालावे. सरळ दूर गेलें म्हणजे परतीचा रस्ता तेवढाच शिल्लक असतो, हें नवशिक्याच्या ध्यानांत राहत नाहीं. वळसा घातला तर घर नेहमींच जवळ असतें.

वेगाविषयीं तर पुष्कळच गैरसमज आहेत. सायकल चालवितांना शेजाऱ्याशीं पुरतें वाक्य बोलतां आलें पाहिजे. धाप लागून शब्द तुटूं लागले कीं वेग अधिक झाला असें समजावें. फ्रान्समध्यें १८९१ सालीं पॅरिसहून ब्रेस्तपर्यंत जाऊन परत येण्याची सायकलशर्यत प्रथम झाली. आज त्याच वाटेची सुमारें १,२०० किलोमीटरची सफर चार वर्षांतून एकदां होते. तींत पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ९० तासांत परत आलें म्हणजे झालें. मात्र तिला जाण्यापूर्वीं २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरच्या पायऱ्या चढाव्या लागतात. या पायऱ्यांच्या सफरी आतां पुणें, मुंबई, नाशिक, नागपूर येथेंहि होतात. त्यांतील २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. हिशेब करा : ताशीं पंधरा किलोमीटर देखील पडत नाहींत, आणि त्यांत चहा, जेवण, पंक्चर सर्व आलें. लांब जाणारा मनुष्य वेगानें जात नाहीं. तो थांबत-थांबत कां होईना, जात राहतो.

आतां सायकलीकडे वळूं. बैठकीवर बसून पायडल अगदीं खालीं असतां टांच त्यावर टेकविली तर पाय जवळजवळ सरळ व्हावा. मग पाऊल नेहमींच्या जागीं ठेवलें कीं गुडघ्यांत थोडासा बांक राहतो. हीच योग्य उंची. गुडघा पुढल्या बाजूनें दुखूं लागला तर बैठक बहुधा खालीं असते. मागल्या बाजूनें दुखला तर बहुधा उंच झालेली असते. पांच मिनिटांची ही दुरुस्ती न केल्यामुळें कित्येकांनीं सायकल सोडली असेल. गिअरची सायकल असेल तर जड गिअर लावून पायडल रेटीत बसूं नये. हलका गिअर ठेवून पाय सहज फिरते ठेवावे. हात एकाच जागीं आंवळून धरल्यास बोटें बधिर होतात, म्हणून पकड अधूनमधून बदलावी.

तासाभराच्या आंतील फेऱ्यास पाणी पुरेसें असतें. दीड-दोन तासांपलीकडे मात्र शरीरांत सांठविलेली साखर सरत येते, आणि मग चांगला तगडा गडीहि एकाएकीं गळून जातो. म्हणून भूक लागण्यापूर्वींच, दर अर्ध्या तासानें थोडें खावें. केळें, खजूर, गूळ-शेंगदाणे हा आपला देशी शिधा उत्तम. मराठवाड्याच्या उन्हांत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर जातो. अशा दिवसांत सकाळीं नऊच्या आंत घरीं यावें. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हें प्रमाण ध्यानांत ठेवावें. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनीं मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून पल्ला वाढवूं नये. श्रमानें रक्तांतील साखर एकदम उतरूं शकते, म्हणून खिशांत थोडी साखर बाळगावी. छातींत दाटून आलें किंवा भोंवळ आली तर त्याच जागीं उतरावें आणि मदत मागावी. तेथें शौर्य दाखवूं नये.

वाऱ्याचाहि विचार हवा. पावसाळ्यांत आपल्याकडे वारा पश्चिमेचा असतो. त्या दिवसांत किल्लारीच्या अंगास जातांना तो तोंडावर घ्यावा, म्हणजे परततांना तोच पाठीवर हात ठेवतो. जातांना वाऱ्याबरोबर उडत औरादकडे गेलेला मनुष्य परतीच्या वाटेवर रडकुंडीस येतो. ऊसतोडीच्या हंगामांत रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग असते आणि पुष्कळ ट्रॉल्यांस मागें दिवा नसतो. म्हणून अंधारांत निघूं नये. डोक्यास हेल्मेट, सायकलीस तांबडा दिवा, आणि पिशवींत पंप व एक ट्यूब असावी.

मोठे पल्ले गांठणाऱ्यांकडे पाहिलें तरी हाच क्रम दिसतो. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर जगप्रवासास निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटरचा प्रवास पुरा करून १९२८ च्या मार्चांत परतले. या प्रवासास चार वर्षें पांच महिने लागले. भागाकार करून पाहिला तर दिवसाला सरासरी चव्वेचाळीस किलोमीटर पडतात. म्हणजे आमचे गृहस्थ पहिल्याच रविवारीं, पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यांच्या रोजच्या सरासरीहून अधिक मजल मारूं पाहतात! आपल्या काळांत २०१५ सालीं नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याहून पूर्व किनाऱ्यापर्यंतचे सुमारें ४,८०० किलोमीटर आळीपाळीनें चालवीत नऊ दिवसांच्या आंत पार केले. २०१७ सालीं नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनीं तीच शर्यत एकट्यानें बारा दिवसांच्या आंत पुरी केली. हे तिघेहि डॉक्टर आहेत; शरीराचा कायदा त्यांस ठाऊक होता, आणि तो पाळूनच ते एवढ्या पल्ल्यास पोंचले.

आपणांपैकीं बहुतेकांस अमेरिका ओलांडावयाची नाहीं. आपल्याच पायांनीं खरोशाचीं लेणीं पाहून यावें, औशाचा किल्ला पाहावा, तेरणेच्या कांठीं घटकाभर बसून सायंकाळपूर्वीं घरीं यावें, एवढीच इच्छा असेल. ती चाळिशींत पुरी होते, आणि प्रकृति जपून वागलें तर साठीनंतरहि होते. ज्यांच्या घरीं सायकल पडवींत उभी आहे, त्यांनीं आज सायंकाळीं तिच्या चाकांत हवा भरावी, बैठकीची उंची पाहावी, आणि उद्यां सकाळीं सहा किलोमीटर जाऊन यावें. सातवा किलोमीटर खुणावील. त्यास पुढल्या पंधरवड्याची तारीख द्यावी.