जुना प्रिंटर भंगारात देण्याआधी

गटाच्या बैठका, बचत, बँकेची कामं यावर आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचं आहे ते गटाच्या खोलीतल्या कोपऱ्यात कापड झाकून ठेवलेल्या मशीनविषयी. कुणाकडे जुना प्रिंटर असेल, कुणाकडे स्कॅनर, कुणाच्या कपाटात सेलवर चालणारा कॅमेरा. विचारलं की उत्तर येतं, "ताई, ते बंद पडलंय." खरं तर बऱ्याचदा ते बंद पडलेलं नसतं, अडलेलं असतं.

अडलेल्या मशीनचा खर्च आपल्यालाच पडतो. बँकेत ठरावाची प्रत द्यायची, मसाल्याच्या पाकिटाला लेबल लावायचं, आधारची झेरॉक्स जोडायची, की निघालो तालुक्याला. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर एक कागद फार महागात पडतो. म्हणून आजची माहिती नीट ऐका, जमलं तर वहीत लिहून घ्या.

गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. तशाच पाच गोष्टी मशीनच्याही तपासायच्या, आणि याच क्रमाने: वीज, वायर, कागद, शाई आणि ड्रायव्हर. क्रम सोडला की गोंधळ होतो.

पण त्याआधी एक प्रश्न. बिघाड मशीनमध्ये आहे की कॉम्प्युटरमध्ये? ज्या प्रिंटरवर झेरॉक्सही निघते, त्याची कॉम्प्युटरची वायर काढा, काचेवर एक कागद ठेवा आणि झेरॉक्सचं बटण दाबा. प्रत आली तर प्रिंटर ठणठणीत आहे, दोष वायरमध्ये नाही तर कॉम्प्युटरमध्ये. प्रत आलीच नाही किंवा खराब आली, तर मशीनकडे बघा. एवढ्यानं निम्मं काम होतं.

आता वीज. आपल्याकडे वीज येते-जाते, दाब कमी-जास्त होतो. लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नका. कागदावर पावडर पक्की करायला तो आत तापतो, तेव्हा एकदम जास्त वीज ओढतो आणि यूपीएसला तो भार झेपत नाही. तो थेट भिंतीतल्या प्लगला लावा. शाईचा, म्हणजे इंकजेट प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद करा, भिंतीवरच्या बटणानं नाही. स्वतःच्या बटणानं बंद झाला की तो शाईचं तोंड झाकून ठेवतो. एकदम वीज तोडली तर तोंड उघडं राहतं आणि शाई वाळते.

दुसरी वायर. यूएसबी वायर दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा. दुसरी वायर लावून बघा. आणि रोज एकाच खाचेत लावा. खाच बदलली की कॉम्प्युटर कधीकधी तोच प्रिंटर नवा समजतो आणि यादीत एकाच नावाचे दोन प्रिंटर दिसतात, दुसऱ्यापुढे 'कॉपी १' लिहिलेलं. आपण प्रिंट देतो एकाला आणि वायर असते दुसऱ्याची. मग 'ऑफलाइन' असं येतं आणि आपण म्हणतो प्रिंटर बिघडला. जो चालतो तो निवडून 'डिफॉल्ट' करा.

एखादी प्रिंट मध्येच अडकली तर तिच्यामागच्या साऱ्या रांगेत थांबतात. आपण घाईत दहा वेळा बटण दाबतो आणि रांग आणखी वाढते. तसं करू नका. प्रिंटरची यादी उघडून सगळी कामं 'कॅन्सल' करा, मग प्रिंटर आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद करून पुन्हा चालू करा. तरीही रांग हटली नाही, तर कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला सांगा, "'प्रिंट स्पूलर' बंद करून परत चालू कर." हे नाव लक्षात ठेवा.

तिसरा कागद. पावसाळ्यात कागद ओल धरतो, दोन-दोन चिकटून जातात. रिम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, घालण्याआधी कागद फडफडवून घ्या. कागद ओढला जात नसेल तर आतला रबरी रूळ धुळीनं गुळगुळीत झालेला असतो. वीज काढून, पाण्यात भिजवून पिळलेल्या सुती फडक्यानं तो पुसा आणि वाळू द्या. अडकलेला कागद दोन्ही हातांनी, तो ज्या दिशेनं पुढे जातो त्या दिशेनं हळू ओढा. लेझर प्रिंटर आधी अर्धा तास निवू द्या, आत हात भाजतो.

चौथी शाई. इंकजेट पंधरा-वीस दिवस पडून राहिला की शाई तोंडाशी वाळते आणि अक्षरांत पांढऱ्या रेघा येतात. आधी 'नोझल चेक' करा, मग 'हेड क्लीनिंग'. तीनदा करूनही फरक पडला नाही तर थांबा. प्रत्येक सफाईत शाई जाते. रात्रभर तसाच ठेवा, सकाळी पुन्हा एकदा करून बघा. आणि आठवड्यातून एक तरी रंगीत पान काढत जा. बैठकीच्या दिवशीच काढलं तर विसरायला होणार नाही.

लेझरची प्रिंट मध्येच फिकी यायला लागली तर टोनर बाहेर काढा, आडवा धरून सावकाश पाच-सहा वेळा डावीकडे-उजवीकडे हलवा. आतली पावडर सारखी पसरते आणि आणखी काही पानं निघतात. चकचकीत नळीला बोट लावू नका, टोनर उन्हात ठेवू नका.

पाचवा ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि मशीन यांच्यामधला दुभाषा. नवा कॉम्प्युटर आणला आणि जुना प्रिंटर चालेना, असं झालं की दोष बहुतेक याचाच. जुन्या सीडीवरचा दुभाषा ३२ बिटच्या विंडोजसाठी असतो, आताचे कॉम्प्युटर बहुतेक ६४ बिटचे. त्यांचं जमत नाही. मशीनवरचा मॉडेल नंबर लिहून घ्या आणि त्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून आपल्या विंडोजसाठीचा ड्रायव्हर घ्या. मिळाला की पेन ड्राइव्हवर जपून ठेवा.

स्कॅनरचंही असंच. काही जुन्या स्कॅनरना खाली किंवा बाजूला कुलपाचं चिन्ह असलेली खिट्टी असते. ती बंद असेल तर आतला दिवा सरकत नाही. कागद वरून आपोआप ओढणाऱ्या मशीनमध्ये प्रतीवर उभी काळी रेघ येत असेल, तर मोठ्या काचेशेजारची अरुंद काच पुसा. फवारा काचेवर नाही, फडक्यावर मारायचा.

कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर येत नसतील तर कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घाला. तिथं कॅमेऱ्याचा ड्रायव्हर लागत नाही. फार जुने कॅमेरे २ जीबीपर्यंतचंच कार्ड ओळखतात, मोठं कार्ड घातलं की 'कार्ड एरर' दाखवतात. कार्डाच्या कडेची खिट्टी 'लॉक'वर असेल तर नवा फोटो साठत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कॉम्प्युटरनं "फॉरमॅट करायचं का?" असं विचारलं तर "नाही" म्हणा. कार्ड बाजूला ठेवा, त्यावर नवे फोटो काढू नका. बऱ्याचदा जुने फोटो जाणकाराला परत काढता येतात.

आता एक इशारा, कारण इथं नुसतं मशीन नाही, गटाचं बँक खातं धोक्यात येतं. प्रिंटर बंद पडला की आपण फोनवर कंपनीचा नंबर शोधतो. तिथं भामट्यांचे नंबरही असतात. समोरचा गोड बोलतो, एखादं ॲप घ्यायला सांगतो आणि आपला फोन किंवा कॉम्प्युटर लांबून त्याच्या ताब्यात जातो. "फक्त दहा रुपये भरा" म्हणतो आणि खातं रिकामं होतं. प्रिंटर दुरुस्तीला ओटीपी कधीच लागत नाही. नंबर मशीनच्या खोक्यावरचा किंवा पुस्तिकेतलाच घ्या. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आणि थांबायचं कधी? जळका वास आला, धूर दिसला, बटण दाबताच घरातली वीज गेली, तर प्लग काढा आणि कारागिराकडे न्या. खर्चाचा आकडा आधी विचारा आणि बैठकीत मांडून मगच हो म्हणा. दुरुस्ती नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर जात असेल तर विचार करा.

या आठवड्यात एवढं करा. मशीनवर एक कागद चिकटवा. त्यावर मॉडेल नंबर, शाईचा किंवा टोनरचा नंबर, शेवटचा बदलल्याची तारीख लिहा. खाली ते पाच शब्द लिहा: वीज, वायर, कागद, शाई, ड्रायव्हर. आणि दोन जणींना शिकवा, एकीलाच नको. ती माहेरी गेली तर काम अडायला नको.

कापड काढा, धूळ झटका आणि बटण दाबून तर बघा.