शब्द एक, मोजण्या अनेक : इंग्रजी शब्दांची अक्षरे आणि माळव्यातला मराठी उच्चार



शब्दात अक्षरे किती, हा प्रश्न बोटांवर सुटावा असा वाटतो. पण धार किंवा देवासच्या एखाद्या वर्गात तो विचारून पाहा. ‘फिल्म’ या शब्दात अक्षरे किती? इंग्रजीच्या तासाला उत्तर एक. मराठीच्या तासाला ‘फि’ आणि ‘ल्म’ अशी दोन. मधल्या सुट्टीत तीच मुले ‘फिलिम’ म्हणतात. कानाला ती दोन ऐकू येतात आणि कागदावर लिहून मोजली तर तीन होतात. एका शब्दाला एकाच शाळेत तीन उत्तरे मिळतात आणि तिन्हींना काही ना काही आधार आहे.

घोळ सुरू होतो तो ‘अक्षर’ या शब्दापासूनच. इंग्रजीत ज्याला सिलॅबल म्हणतात त्याला आपण अक्षर म्हणतो, आणि लिपीतल्या खुणेलाही अक्षरच म्हणतो. ‘घर’ हा शब्द बोलताना शेवटचा ‘अ’ गळतो, म्हणून तोंडात एकच अक्षर उरते. वृत्तात मात्र घ आणि र ही दोन लघू अक्षरे धरायची. आपल्या गावांचेच पाहा. ‘धार’ बोलताना एक अक्षर, पद्यात दोन, मात्रा तीन. ‘देवास’ बोलताना दोन, पद्यात तीन, मात्रा पाच. (आणि मराठीत ‘देवास’ म्हणजे ‘देवाला’ असाही अर्थ होतो, हा गंमतीचा भाग वेगळा.) मराठी शब्दांच्या बाबतीत हे आपल्या अंगवळणी पडले आहे. बोलणे एक आणि पद्यातली मोजणी एक, हा करार जुना आहे. इंग्रजी शब्दांशी असा करार अजून झालेला नाही, आणि आजचे आपले विद्यार्थी इंग्रजी शब्दांवाचून दोन ओळीसुद्धा लिहीत नाहीत.

आपल्याला वाटते, आपण उच्चार बिघडवतो आणि मूळ इंग्रजीत सगळे ठरलेले आहे. तसे मुळीच नाही. ‘सेक्रेटरी’ हा शब्द ब्रिटनमध्ये बहुधा तीन अक्षरांत उरकतात, अमेरिकेत चार अक्षरे स्पष्ट उच्चारतात. ‘चॉकलेट’ बहुतेक इंग्रजी भाषकांच्या तोंडी दोन अक्षरांचे, काहींच्या तोंडी तीन. ‘फायर’ एक की दोन, यावर खुद्द इंग्रजी शिकवणारेही एकमताने बोलत नाहीत. ‘फिल्म’चीच गोष्ट घ्या. आयर्लंडमध्ये कित्येक लोक ल आणि म यांच्यामध्ये एक बारीक स्वर घालून तो शब्द दोन अक्षरांत म्हणतात, अगदी आपल्या ‘फिलिम’सारखाच. त्यांना कोणी अडाणी म्हणत नाही. ती आयरिश इंग्रजीची लकब मानली जाते. जुने इंग्रज कवी तर सोयीनुसार स्वर गाळत, आणि कधीकधी त्या जागी छपाईत वर एक टिंब-शेपूट देत, म्हणजे वाचणाऱ्याला कळावे की येथे दोन अक्षरे एकात म्हणायची आहेत. कोशाने दोन उच्चार दिले असतील तर कवी त्यांतला एक निवडतो आणि कवितेची चाल ती निवड सांगते.

आपल्या परंपरेला हे नवीन नाही. त्याचा पुरावा धारमध्येच दगडावर कोरलेला आहे. भोजाच्या नावावर असलेली दोन प्राकृत कूर्मशतके इथल्या शिलांवर सापडली; प्रत्येकात १०९ पद्ये, आर्या वृत्तातली. आर्या म्हणजे मात्रांचा हिशेब : १२, १८, १२, १५. प्राकृतात या हिशेबाची खुबी अशी की ‘ए’ आणि ‘ओ’ हे स्वर काही ठिकाणी ऱ्हस्वही उच्चारले जात. लिपीत खूण एकच, मोजणी मात्र कधी दोन मात्रांची, कधी एकीची. वाचणाऱ्याला उच्चार ठाऊक असेल तरच आर्या जुळते. म्हणजे आपल्या गावातल्या शिळेवर जे लिहिले आहे ते नुसत्या डोळ्यांनी मोजता येत नाही.

मराठी छंदशास्त्रही कानाचेच ऐकते. जोडाक्षराआधीचे लघू अक्षर गुरू होते, हा नियम आपण शिकवतो. पण आघात येत नसेल तर होत नाही, हेही सांगतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र : दर्-या, मात्रा चार. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा : द-ऱ्या, मात्रा तीन. इथे धार-देवासच्या शिक्षकाची खरी अडचण येते. आपली मुले घरी मराठी बोलतात, पण शिकतात हिंदीतून, आणि हिंदीच्या लेखनात हा ‘ऱ्या’ नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द ती ‘दुसर्या’ असा लिहितात आणि पुष्कळदा वाचतातही तसाच, ‘दुसर्-या’. पुण्याच्या मुलाच्या चार मात्रा इथे पाच होतात. मुलाने ओळ आपल्या कानाने नीट जुळवलेली असते. तपासणारा ती वृत्तभंग म्हणून खोडतो. चूक कोणाची? इथे मी म्हणेन, मुलाला ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक शिकवलाच पाहिजे, कारण तो मराठीच्या अर्थाचा प्रश्न आहे. पण इंग्रजीतून आलेल्या शब्दाला हा न्याय लावता येणार नाही. तिथे अर्थ बदलत नाही. बदलतो फक्त उच्चार.

याच प्रांतातल्या एका कवीने हा वाद फार निर्भयपणे हाताळला आहे. भोपाळचे दुष्यंत कुमार. त्यांचा ‘साये में धूप’ हा गझलसंग्रह १९७५ साली आला. उर्दूच्या जाणकारांचा आक्षेप होता की ‘शहर’ हा शब्द मुळात ‘शह्र’ आहे : आधी गुरू, मग लघू. दुष्यंतांनी तो ‘शहर’ असाच वापरला : आधी लघू, मग गुरू. मूळ रूप ठाऊक असूनही आपण हिंदीत रुळलेले रूप जाणीवपूर्वक घेतले, असे त्यांनी प्रस्तावनेत सांगून टाकले. अक्षरांच्या जागा एवढ्याशा इकडच्या तिकडे झाल्या, पण त्यामागे प्रश्न मोठा होता : शब्द कोणाच्या तोंडचा धरायचा, ज्या भाषेतून आला तिच्या, की ज्या लोकांत तो राहतो त्यांच्या? मराठीत माधव ज्यूलियनांनी गझलेची वृत्ते आणली तेव्हा तेही फारसीचे प्राध्यापक होते. मूळ उच्चार त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. तरी ‘शहर’ मराठीत श-हर असाच राहिला.

आमच्या काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की प्रत्येकाच्या उच्चाराला मान दिला तर परीक्षा कशी घ्यायची? शंका रास्त आहे. पण परीक्षेच्या सोयीसाठी ‘फायर’ला एकच आकडा ठरवणे म्हणजे प्रश्न सोडवणे नव्हे, तो झाकणे आहे. बहुपर्यायी प्रश्नात असे शब्द घालूच नयेत, आणि घातले तर कोणत्या उच्चाराने मोजायचे ते प्रश्नातच सांगावे. एवढे करायला खर्च येत नाही.

मोकळीक आणि ढिलाई यांत मात्र फरक आहे. ‘ग्लास’ म्हटले तर तीन मात्रा, ‘गिलास’ म्हटले तर चार. माळव्यात दोन्ही रूपे चालतात. कवीने कोणतेही घ्यावे, पण पहिल्या शेरात ‘गिलास’ आणि मात्रा कमी पडते म्हणून चौथ्यात ‘ग्लास’, हे चालणार नाही. ‘स्कूल’ तीन मात्रांचे, ‘इस्कूल’ पाचांचे. ‘इस्कूल’ लिहायचे तर ती बोली कवितेच्या बाकीच्या ओळींतही ऐकू आली पाहिजे. एरवी तो शब्द पाहुण्यासारखा अवघडून बसतो.

गायनाचा एक वेगळाच मुद्दा आहे, त्यावर फार बोलत नाही. कुमार गंधर्व १९४८ पासून देवासला राहिले आणि इथल्या लोकधुनांमधून त्यांनी राग बांधले, हे आपण सारे अभिमानाने सांगतो. लोकगीत ऐकताना लक्ष द्या : बोलताना गळलेला ‘अ’ गाताना परत येतो. ‘राम’ एका अक्षराचा राहत नाही. गाण्यासाठी लिहिणाऱ्याने मोजणी गुणगुणूनच करावी.

हायकू लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. ५-७-५ ची जपानी मोजणी ही इंग्रजी सिलॅबलची नव्हे, ती आपल्या मात्रेला जवळची आहे. ‘टोकियो’ आपण तीन अक्षरांत लिहितो. जपानी मोजणीत त्या नावाचे चार घटक होतात. तेव्हा इंग्रजीच्या मार्गाने आलेला आकडा देवनागरीत बसवण्याचा फार आटापिटा करू नये.

शेवटी एक उदाहरण तुमच्याच वह्यांमधले. ‘मोबाईल’ हा शब्द मराठी वळणाने लिहिला तर ‘ई’ दीर्घ : मो-बा-ई-ल, सात मात्रा. हिंदीच्या पुस्तकात तो ‘मोबाइल’ असतो, ‘इ’ ऱ्हस्व : सहा मात्रा. इंग्रजीत तो दोन अक्षरांचा, आणि घाईने बोलताना आपणही दोनच म्हणतो, ‘मो-बैल’. मराठी लेखनाच्या नियमांत पद्यापुरती ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक कवीला दिलेली आहेच, म्हणून इथल्या मुलाने मात्रावृत्तात ‘मोबाइल’ लिहून सहा मात्रा धरल्या तर मी गुण कापत नाही. समासात एवढेच विचारतो : मोठ्याने वाचून पाहिलेस का? दुसऱ्या कडव्यात हाच शब्द आला आहे, तिथे सात कशा?