आजोबांची खोली

आर्वीकडील एखाद्या जुन्या वाड्यांत आजोबांची खोली मोकळी ठेवलेली असते. कोणी राहत नसलें तरी तेथें सांजवात लागते. संगणकाचेंही तसेंच आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीनें ६४० किलोबाइटांपासून १ मेगाबाइटपर्यंतचे स्मृतिपत्ते पडदा व मूळ आज्ञावली यांसाठीं राखले. आभासी यंत्रांत तेथें खरें उपकरण नसतें, तरी कार्यप्रणाली सवयीनें डोकावते. एएमडीच्या सेव्ह-एसएनपी पद्धतींत पाहुण्या यंत्राची स्मृति यजमानापासून गुप्त असते. पडताळणी न झालेल्या जागेस स्पर्श होतांच तें यंत्र आरंभींच कोसळतें. म्हणून २०२४ सालीं लिनक्सनें अशा पाहुण्यांपुरता हा शोध वगळला. सांजवात अवश्य लावावी. मात्र तेथें खोली आहे काय, हें आधीं पाहावें.